भिंत वाजवून बघा

माझ्या सासऱ्यांच्या हातातली काठी चालण्यासाठी कमी आणि मत मांडण्यासाठी जास्त वापरली जाते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला दणकून पाऊस पडून गेला, त्या सकाळी त्यांनी काठीची मूठ नव्या खोलीच्या भिंतीवर टकटक वाजवली. एकदा इथे, मग वीतभर पलीकडे. पहिल्या जागी खणखणीत आवाज आला. दुसऱ्या जागी बद्द, फुटका माठ वाजतो तसा.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचा गिलावा भिंतीला सोडून उभा आहे."

'तुमचा' या शब्दावर किंचित जोर होता. घर त्यांचं, पण नूतनीकरणाची मोहीम माझी होती. ती यशस्वी झाल्याचं मी महिनाभर सगळ्या नातेवाईकांना फोटोसकट कळवलं होतं. हा लेख त्या पराभवाबद्दल आहे. खराब गिलाव्याचं काय करायचं हे त्यात येईलच, पण त्याआधी खराब गिलावा कोण करतं याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. कारण माझं उत्तर जूनमध्ये एक होतं आणि ऑगस्टमध्ये दुसरंच झालं.

आधी जागा सांगतो. सध्या माझं पोस्टिंग एनसीसीत, दुर्गला आहे, आणि सासुरवाडी भिलाईच्या पावर हाउसला. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच सासुरवाडीपासून अर्ध्या तासावर पोस्टिंग मिळालं. माझे कोर्समेट याला 'फील्ड पोस्टिंग' म्हणतात. पावर हाउस हे रेल्वे स्थानकाचंही नाव आणि त्याच्या भोवतीच्या गजबजलेल्या बाजाराचंही. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा मी वीज तयार करणारी चिमणी शोधत होतो. मला साड्यांची दुकानं, सायकलींचे सुटे भाग आणि जिलेबी सापडली. आसपास कॅम्प वन आहे, कॅम्प टू आहे, आणि चक्क 'छावनी' नावाची वस्तीसुद्धा आहे. यातल्या कशाचाही फौजेशी काडीचा संबंध नाही. पोलाद कारखाना उभा राहत होता, त्या काळातल्या मजूर वस्त्यांची आठवण 'कॅम्प' या नावात उरली आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि मधल्या काळात देशभरातून माणसं इथे कामाला आली. सासरे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भंडाऱ्याहून आले आणि कारखान्याच्या रेल मिलमध्ये रुळले. रुळांच्या कारखान्यात रुळले, हा विनोद त्यांचाच आहे. मी तो किमान पन्नास वेळा ऐकला आहे.

घर जुनं, चाळीसेक वर्षांचं. सासूबाई गेल्यावर बाबांना वरच्या मजल्यावर झोपणं जड जाऊ लागलं. म्हणून खाली एक खोली वाढवायची, शेजारी न्हाणीघर करायचं आणि स्वयंपाकघराचा पोपडे धरलेला जुना गिलावा काढून नवा करायचा, असं ठरलं. मी एप्रिलमध्ये काम सुरू केलं आणि ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं, "३१ मे. एक दिवस इकडे नाही, तिकडे नाही." जूनच्या पहिल्या आठवड्यात मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता, पाहुणे येणार होते. शिवाय फौजी माणसाला तारीख दिल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटतच नाही. मी वहीत तक्ता आखला. विटा इतके दिवस, गिलावा इतके दिवस, रंग इतके दिवस. तक्ता इतका देखणा होता की त्यावरून एखादा पूल बांधता आला असता.

काम ३० मे रोजी संपलं. एक दिवस आधी! मी ठेकेदाराची पाठ थोपटली. साखरपुड्याला आलेल्या प्रत्येकाला नवी खोली दाखवली. आणि मग पाऊस आला.

काठीचा आवाज ऐकल्यावर मी त्या दिवशी सुट्टी टाकली आणि खडू घेऊन बसलो. एका बंद्या रुपयाने हात-हात अंतरावर भिंत वाजवायची आणि जिथे बद्द वाजेल तिथे खडूने रेघ मारायची. संध्याकाळी चारही भिंतींवर नकाशे तयार झाले. पश्चिमेकडच्या भिंतीवर तर जवळजवळ अखंड जंबुद्वीप होतं. जुनी विटांची भिंत आणि नवा काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथे वरपासून खालपर्यंत सरळ तडा होता. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या होत्या. स्वयंपाकघरात कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चिरांची नक्षी होती, आणि एका ठिकाणी अंगठा घासला तर वाळू हातात येत होती.

ठेकेदाराला बोलावलं. तो आला, भिंतीकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाला, "साहब, नई दीवार है, सांस लेती है. पुट्टी मार देंगे, कुछ नहीं दिखेगा."

कुछ नहीं दिखेगा. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर इतक्या वेळा बोललोही आहे, की माझं डोकं तापलं. मी त्याचे राहिलेले पैसे रोखले. काम दुरुस्त होईपर्यंत एक रुपया मिळणार नाही, असं सांगून त्याला वाटेला लावलं. मला वाटलं मी फार खंबीर वागलो.

आता थोडं तांत्रिक. हे मी त्या आठवड्यात शिकलो. आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं.

गिलावा भिंतीला चिकटतो तो तीन गोष्टींमुळे: खडबडीत पाठ, ओली पाठ आणि वेळ. आमच्या नव्या भिंती राखेच्या विटांच्या आहेत. औष्णिक वीज केंद्रांमुळे छत्तीसगडात राख मुबलक, म्हणून या विटा सगळीकडे मिळतात. वीट चांगली असते, फक्त अंगाने गुळगुळीत असते. तिचे सांधे खरवडून घेतले नाहीत, पृष्ठभागाला टाचे मारले नाहीत आणि भिंत आदल्या दिवसापासून भिजवली नाही, तर कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट तहानलेलं राहतं. मग ते वरून वाळतं, पण आतून घट्ट होत नाही. बद्द आवाज येतो तो या फटीचा.

दुसरं, जाडी. विटांच्या भिंतीच्या साफ बाजूला साधारण १२ मिलिमीटर आणि खडबडीत बाजूला १५ मिलिमीटर गिलावा पुरतो. आमची पश्चिमेची भिंत ओळंब्यात नव्हती. ती सरळ दिसावी म्हणून एका टोकाला चक्क ३० मिलिमीटरचा थर एका दमात थापला होता. एवढा जाड थर दोन हातांत करायचा असतो आणि मधे थांबायचं असतं. एका दमात केला की तो स्वतःच्याच वजनाने सुटतो.

तिसरं, खांब आणि विटा. उन्हात आणि पावसात दोन्ही वेगवेगळ्या गतीने फुगतात, आकसतात. सांध्यावर तारेची जाळी ठोकली नाही तर तडा जाणारच. आमच्याकडे जाळी बिलात होती, भिंतीत नव्हती.

चौथं, कोळ्याची नक्षी. गिलावा लवकर सुकावा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं की दोन दिवस आरसा दिसतो आणि महिन्याभरात जाळं दिसतं.

आणि पाचवं, पाणी. इकडे गिलाव्यावर पाणी मारण्याला 'तराई' म्हणतात. सिमेंट वाळत नसतं, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. ते पाणी उडून गेलं की प्रक्रिया अर्धवट राहते. काँक्रीटसाठी आपलं भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा द्या, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या कडक हवेत १० दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर ते १४ दिवसांपर्यंत वाढवा. गिलावा तर काँक्रीटहून पातळ, तो आणखी लवकर सुकतो. भिलाईच्या परिसरात झोतभट्टीतली मळी दळून केलेलं स्लॅग सिमेंट सर्रास वापरतात. शेजारच्या जामुलला सिमेंटचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. सिमेंट उत्तम असतं, दीर्घकाळ टिकतं, पण सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. म्हणजे त्याला पाणी जास्त दिवस हवं. आमच्या तक्त्यात, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, गिलावा आणि रंग यांच्यामध्ये किती दिवस होते ठाऊक आहे? चार. तक्ता मी आखला होता.

पण हे शेवटचं गणित तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा गुन्हेगार ठरलेला होता.

१ जुलैला मी स्टेशनच्या बाजूला गेलो होतो. बाजारात लाल-हिरवे झेंडे घेतलेली माणसं दिसली. बायका पुष्कळ होत्या. या दिवशी पावर हाउसला ती दरवर्षी जमतात. १ जुलै १९९२ रोजी याच स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक कामगार मेले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, भिलाईतच झोपेत गोळी घालून हत्या झाली होती. सेवेतल्या माणसाने राजकारणावर लिहू नये हा नियम आहे, आणि मी तो पाळतो. मी फक्त एवढंच सांगतो की त्या लोकांच्या मागण्यांत एक मागणी अगदी साधी होती: ठेक्यावरच्या कामगाराला जगण्यापुरता पगार आणि कामाची हमी. झेंड्यांकडे बघून मी गाडी बाजूला घेतली, मिरवणूक जाऊ दिली आणि घरी आलो.

दारात आमचा मिस्त्री बसला होता. सोबत दोन रेजा. छत्तीसगडात बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. त्यांतली एक त्याची बायको होती. साठीच्या आसपासचा माणूस, बोटांना सिमेंटने खाऊन पडलेल्या चिरा. मी घुश्शातच विचारलं, "क्यों कका, देखने आये हो अपना काम?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, ठेकेदार मजुरी देत नाही. एकवीस दिवसांची बाकी आहे, आम्हा तिघांची. ठेकेदार म्हणतो, साहेबांनी पैसे रोखलेत, जाऊन साहेबांना विचार.

मी क्षणभर काहीच बोललो नाही. मग जे सुचलं ते बोललो, आणि ते वाईट होतं. मी म्हणालो, असं काम केल्यावर पैसे कसे मिळतील? त्याला भिंतीजवळ घेऊन गेलो, रुपया वाजवून दाखवला. त्याने ऐकलं. स्वतःच्या बोटाने दोन-तीन जागी वाजवलं. त्याला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तराई बर पानी नइ मिलिस, साहब," तो म्हणाला. तराईसाठी पाणीच मिळालं नाही.

मग एकेक निघालं. मे महिन्यात आमच्या बोअरला पाणी नव्हतं आणि नळ सकाळी तासभर यायचा. ते पाणी घराला लागायचं. टँकर मागवायला हवा होता. टँकर ठेक्यात धरला नव्हता, म्हणून ठेकेदाराने मागवला नाही. मिस्त्रीने भिंतीला टाचे मारायला दोन दिवस मागितले होते. ठेकेदार म्हणाला, साहेबांची तारीख आहे. जाळी मागितली, उद्या येईल म्हणाला. आणि मग तो माणूस अत्यंत आदराने, खाली बघत म्हणाला, "आप भी तो रोज शाम को आके पूछते थे साहब, आज कितना हुआ."

हो. विचारत होतो. रोज संध्याकाळी वर्दीतच यायचो आणि विचारायचो, आज किती झालं. कसं झालं हे एकदाही विचारलं नाही. भिंत एकदाही वाजवली नाही. मी फुटांमध्ये काम मोजलं, मग मला फुटांमध्येच काम मिळालं.

फौजेत एक जुना विनोद आहे: जे हलतं त्याला सॅल्यूट करा, जे हलत नाही त्याला चुना मारा. मोठे साहेब तपासणीला येणार असले की झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, आणि गळक्या बरॅकच्या भिंतीला नवा रंग. मी खडकवासल्याला कॅडेट होतो तेव्हा कपाटाच्या तपासणीत वरची घडी इस्त्रीची आणि तिच्या मागे कोंबलेलं सगळं जग, ही कला आम्ही पहिल्या टर्मलाच शिकलो. पकडलं गेलो तर रगडा मिळायचा, तोही मागे कोंबल्याबद्दल कमी आणि पकडलं गेल्याबद्दल जास्त. त्याच अकादमीत समोर सुदान ब्लॉक उभा आहे, दगडात बांधलेला. त्याच्याकडे बघत आम्ही शेकडो वेळा कवायत केली. ती भिंत काही झाकत नाही. पण बघून शिकण्याइतकं शहाणपण अठराव्या वर्षी नसतं, आणि माझ्या बाबतीत पंचेचाळिसाव्या वर्षीही नव्हतं असं दिसतं.

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. ते ताटातून वर न बघता म्हणाले, "आमच्याकडे तापलेला रूळ लाल असतो तेव्हा पहाडासारखा दिसतो. पण त्याला थंड होऊ द्यावं लागतं. कूलिंग बेडवर पडू द्यायचा. किती का मोठा साहेब येईना, रूळ त्याच्या वेळेनेच थंड होतो. आणि मग तपासायचा आतून, ध्वनिलहरी पाठवून. वरून बघून रूळ कोणी पास करत नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी रोज ती भिंत बघत होतो. पण तुम्ही कर्नल. म्हटलं, कशाला बोला."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. ज्या माणसासाठी खोली बांधत होतो, तोच माझ्या हुद्द्यामुळे गप्प बसला होता. युनिटमध्ये सुभेदार साहेब गप्प झाले की समजावं काहीतरी बिघडतंय, हे मी तरुण अफसरांना शिकवतो.

आता केलं काय ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हीच भिंत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांची एकवीस दिवसांची मजुरी त्यांच्या हातात दिली आणि तेवढी रक्कम ठेकेदाराच्या हिशेबातून वजा केली. तो चिडला. 'ऐसा नहीं चलता साहब' म्हणाला. मी म्हटलं, आतापर्यंत चाललं नाही म्हणूनच हे असं झालं. त्याला बसवून यादी केली. जाळीचे पैसे घेतले, जाळी लावली नाही, ते परत. जाड थर एका दमात, खरवडणी नाही: हे त्याच्या देखरेखीचं, दुरुस्तीचं सामान त्याचं. पाणी आणि तारीख: हे माझं, दुरुस्तीची मजुरी माझी. चारेक तास वाद झाला, दोन वेळा चहा झाला, आणि त्याने सही केली. तो वाईट माणूस नाही. त्यालाही कोणीतरी उधारीवर सिमेंट देतं आणि दर शनिवारी दारात येऊन बसतं.

सगळा गिलावा पाडायचा नाही, हा सल्ला मिस्त्रीचा. जिथे खणखणीत वाजतं ते राहू द्यावं. जिथे बद्द वाजतं तिथे खडूच्या रेघेच्या चार बोटं बाहेरून कटरने सरळ चौकोन कापायचा, आतलं विटेपर्यंत काढायचं. कडा सरळ हवी, नाहीतर जोड पुन्हा उकलतो. सांधे खरवडायचे, विटांना टाचे मारायचे, धूळ झाडायची, आदल्या रात्री भिंत भिजवायची. खांबाच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना वीत-वीतभर जाळी. मग सिमेंटच्या पातळ लगद्याचा हात, आणि तो ओला असतानाच गिलावा. मसाला अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. घट्ट झालेल्या मसाल्यात पुन्हा पाणी ओतून तो जिवंत होत नाही. वाळू चाळायची, आणि त्याआधी तिची परीक्षा घ्यायची: पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू, वर मिठाचं पाणी, खळखळून हलवून तीन तास ठेवायचं. वाळूवर गाळाचा थर बसतो. तो शंभरात आठ भागांपेक्षा जास्त दिसला तर वाळू परत पाठवायची. आमची पहिली खेप परत गेली. मे महिन्यातली कशी होती हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

तराई बाबांनी अंगावर घेतली. गोणपाटं भिंतीला टांगली आणि दिवसातून तीन वेळा, काठी बगलेत धरून, नळीने पाणी मारलं. चौदा दिवस. पावसाळा असल्याने पाण्याचा प्रश्न नव्हता. रंग आम्ही दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. ओल पूर्ण निघाल्याशिवाय पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं, मग पांढरा खार फुटतो आणि पोपडे धरतात. पुट्टीवर माझा राग नाही. तिची जागा चांगल्या गिलाव्यावर आहे. वाईट गिलाव्यावर ती मारली की आपण आपल्याच घराला चुना लावतो.

आता माझं मत. नूतनीकरणात गिलावा बिघडला की आपण सगळे एकच हत्यार काढतो: पैसे रोखा. मीही काढलं. पण पैसे ठेकेदारापाशी रोखले की ते तिथे थांबत नाहीत. ती टंचाई खाली उतरते आणि ज्याच्या हातात थापी आहे किंवा जिच्या डोक्यावर घमेलं आहे तिथे जाऊन थांबते. ज्याचा निर्णयात हात नव्हता त्याच्या चुलीवर शिक्षा पोहोचते. सरकारी कामांत अनामत रोखतात आणि दोष-दुरुस्तीची मुदत असते, ती ठेकेदाराच्या नावावर, मजुराच्या नाही. हीच पद्धत घरी आणायला काय हरकत आहे? ठेका कागदावर लिहा, एका पानाचा का असेना. मजुरी दर आठवड्याला चुकती होते की नाही हे स्वतः विचारा. ठेकेदाराच्या नफ्यातला काही हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायचा, हे आधी ठरवा आणि नंतर तो हिस्सा न मागता द्या.

आणि पाणी व वाट पाहणं या दोन गोष्टींना ठेक्यात स्वतंत्र ओळ द्या. टँकर इतके, तराईचे दिवस इतके, त्या दिवसांची एका माणसाची मजुरी इतकी. ज्याचे पैसे कोणी मोजत नाही ते काम कोणी करत नाही. गडांवर हिंडणाऱ्यांनी चुन्याचे घाणे पाहिले असतील. दगडी चाकाखाली चुना दिवसचे दिवस मळला जायचा. त्यांच्याकडे वेळ फुकट होता म्हणून नव्हे. मळण्याचा वेळ हा कामाचाच भाग धरला होता म्हणून. आपण वेळ हिशेबातून काढून टाकला आणि मग तक्रार करतो की पूर्वीसारखे गवंडी उरले नाहीत.

कायद्याचंही माहीत असावं. बिल्डरकडून घर घेतलं असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष कळवला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. आपण स्वतः नेमलेल्या ठेकेदाराला हे लागू होत नाही, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. मात्र तिथे कागद लागतो, फोटो लागतात, तारखा लागतात. 'जुबान' चालत नाही. तरीही मी म्हणेन, आधी एकत्र बसून भिंत वाजवा. माझ्या भिंतीवर कोर्टात नेण्यासारखे दोष होतेच, पण त्यातला एक आरोपी मी होतो.

हे वाचून कोणी म्हणेल, साहेब, मजुराला फार झुकतं माप दिलंत. हात त्याचाच होता ना? हात त्याचा होता, मान्य. त्याने 'असं होणार नाही' म्हणून काम सोडून जायला हवं होतं, असंही कोणी म्हणेल. चावडीवर, म्हणजे मजूर नाक्यावर, एकदा सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. पावर हाउसला डबा घेऊन उभी असलेली माणसं दिसतील. दहा वाजेपर्यंत ज्यांना कोणी नेलं नाही ती डबा घेऊन परत जाताना दिसतील. काम सोडून जाण्याची चैन कोणाला परवडते हे तिथे कळतं. ज्याला 'नाही' म्हणणं परवडतं तो मी होतो. मी म्हटलं नाही.

गेल्या रविवारी मिस्त्री आला होता, न बोलावता. दुसरीकडे काम चालू आहे, जाता जाता डोकावला. त्याने खिशातून रुपया काढला आणि चारही भिंती वाजवत फिरला, मागे बाबा काठी घेऊन. एका जागी दोघंही थांबले. खिडकीखाली, हाताच्या पंजाएवढी जागा, किंचित बद्द. त्याने खडू मागितला, गोल केला, आणि म्हणाला दसऱ्यानंतर येऊन करून देतो. पैसे विचारले तर म्हणाला, "एतका बर का पइसा, साहब."

बाबा म्हणाले, "देऊन टाका त्याला. आत्ताच."

दिले. गोल अजून भिंतीवर आहे.